कोणते जोशी?

तालुक्याच्या गावातल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात मी 31 वर्षे ग्रंथपाल होते. संगणक येण्यापूर्वी आमच्याकडे लेखकवार कार्डांचे एक सागवानी कपाट होते. प्रत्येक खणात पिवळसर कार्डे ओळीने उभी लावलेली असत, त्यांच्या तळाशी भोक असे आणि त्या भोकांतून एक पितळी सळई आरपार गेलेली असे, म्हणजे वाचकाने कार्ड उपसून खिशात घालू नये. बहुतेक खण तीन-चार आडनावांत वाटलेले असत. काही आडनावांना तर बोटभर जागाही पुरे होई. जोश्यांना मात्र अख्खा खण लागे, आणि तरीही ते पुढच्या खणात शिरत. त्या खणाची कडी इतर कड्यांच्या आधी सैल झाली आणि तिच्या खालचे पॉलिश बोटे लागून लागून पुसून गेले. 'जोशींचे पुस्तक हवे आहे' असे म्हणत कोणी टेबलाशी आले, की माझ्या तोंडून सवयीने निघे, 'कोणते जोशी?' हा प्रश्न मी नोकरीत किती वेळा विचारला याचा हिशेब नाही. पण विचारताना थोडे हसू येई, कारण विचारणारीही जोशीच.

माझे माहेरचे आडनाव जोशी आणि सासरचेही जोशी. स्थळ सांगून आले तेव्हा आजीने मुलाच्या शिक्षणाआधी गोत्र विचारले. आमचे शांडिल्य आणि त्यांचे भारद्वाज निघाले, तेव्हा कुठे तिने पुढची चौकशी होऊ दिली. त्यानंतर लग्न दोन महिने अडले, कारण वडिलांच्या पंचांगात त्या दिवसांत शुक्राचा अस्त होता आणि शुक्रास्तात आमच्या घरात आजवर कोणाचे लग्न झालेले नव्हते. अखेर शुक्र उगवला आणि लग्न लागले. संध्याकाळी लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून त्यांवर सोन्याच्या अंगठीने बायकोचे नवे नाव लिहायचे, तेव्हा नवऱ्याने शांतपणे माझे जुनेच नाव लिहिले. नणंद म्हणाली, 'अरे दादा, काहीतरी बदल की!' मग सगळ्यांच्या लक्षात आले की आडनावही तेच आहे आणि ताटातल्या तांदळात नवे असे काही उमटलेलेच नाही. पुढे एका कचेरीत विवाहोत्तर नावबदलाचा अर्ज भरायला गेले, तर तिथल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि आडनावाचा रकाना चुकून तसाच राहिला आहे असे समजून तो परत केला. वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव आले आहे, एवढाच बदल आहे, हे त्याला पटवायला अर्धा तास गेला.

ग्रंथालय प्रशिक्षण वर्गात आम्हाला शिकवले होते, की कार्डावर आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग लेखकाचे नाव. आडनाव म्हणजे माणसाकडे जाण्याचा मोठा दरवाजा, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब इतरांच्या बाबतीत बरा चालतो. जोश्यांच्या बाबतीत तो दरवाजा एवढा मोठा आहे, की आत शिरल्यावर आपण चौकातच उभे असतो आणि भोवती पन्नास बिऱ्हाडे दिसतात. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी त्या चौकात चांगलीच चुकले. जुन्या नाटकांचा एक गठ्ठा देणगीदाखल आला होता. त्यात 'रणदुंदुभी' होते, पुठ्ठा निघालेला, लेखकाच्या नावातले 'वामन' आणि 'जोशी' तेवढे शाबूत. मी बेधडक 'जोशी, वामन मल्हार' असे कार्ड लिहिले, दाखल क्रमांक टाकला आणि कार्ड सळईत ओवून मोकळी झाले. दोन आठवड्यांनी एक वयोवृद्ध वाचक आले. त्यांनी खण जवळजवळ कपाटाबाहेर ओढला, ते कार्ड अंगठ्याने वर धरले आणि मला बोलावून म्हणाले, 'बाई, तत्त्वचिंतक माणसाच्या हाती तुम्ही तलवार दिलीत की!'

चूक खरोखरच मोठी होती. वामन मल्हार जोशी हे 1882 साली कोकणात जन्मलेले कादंबरीकार. त्यांच्या कादंबऱ्यांत माणसे घटनांपेक्षा वादविवाद अधिक करतात. त्यांनी हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत काम केले आणि 1930 साली मडगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. 'रणदुंदुभी' लिहिणारे वामनराव जोशी हे त्यांच्याहून एका वर्षाने मोठे, पण वडिलांचे नाव गोपाळ आणि गाव अमरावती. हे वऱ्हाडातले काँग्रेसचे पुढारी, आणि त्यांचे 'परवशता पाश दैवे' हे पद मास्टर दीनानाथांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेले. दोघेही वामनराव, दोघेही लेखक, दोघांनीही इंग्रज सरकारचा तुरुंग पाहिलेला. लोकांनी या पेचातून केव्हाच वाट काढलेली होती: अमरावतीच्या वामनरावांना 'वीर' म्हणायचे आणि दुसऱ्यांना 'वा. म.'. मी ग्रंथपालनाचे नियम पाठ केले होते, लोकांची ही वहिवाट मात्र शिकायची राहून गेली होती. त्या दिवशी मी नवे कार्ड लिहिले आणि जुने टेबलाच्या काचेखाली ठेवून दिले. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते.

तेव्हापासून मला एक नाद लागला. जोशी नावाचा कोणी मोठा माणूस दिसला, की लोक त्याला काय म्हणून हाक मारतात ते मी पाहू लागले. आडनाव सर्वांचे असले म्हणजे ते कोणाचेच नसते, म्हणून मराठी माणसाने प्रत्येक मोठ्या जोश्याला पकडण्यासाठी वेगळी मूठ बसवून घेतली आहे. कोणाला आद्याक्षरे, कोणाला पदवी, कोणाला नाते, आणि अगदीच असामान्य असेल त्याला त्याचे स्वतःचे नाव. श्रीधर महादेव जोशी असे म्हटले तर निम्मे वाचक थबकतील. 'एसेम' म्हटल्यावर कोणी थबकत नाही. ते 1904 साली जुन्नरला जन्मले, 1929 साली पुण्यात पर्वतीच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहात उतरले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अग्रभागी राहिले, आणि या साऱ्या काळात लोकांनी त्यांना दोन इंग्रजी अक्षरांनीच ओळखले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'मी एस. एम.' असे आहे. स्वतःच्या आयुष्याचे पुस्तक लिहिताना त्यावर आडनाव घालण्याची गरज त्यांना भासली नाही. कार्ड मात्र मला 'जोशी, श्रीधर महादेव' असेच करावे लागले, आणि त्या कार्डावरून ते पुस्तक कोणी शोधून काढल्याचे मला आठवत नाही.

आद्याक्षरांची ही सोय एसेमपुरतीच नाही. गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत डाव्या आणि कामगार चळवळींत वावरणाऱ्याला तीन जोशी तरी वेगळे ठेवावे लागत. समाजवादी एसेम, 1935 पासून सुमारे बारा वर्षे कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस राहिलेले अल्मोड्याचे पी. सी., आणि त्या दोघांपेक्षा वडील असलेले ना. म. नारायण मल्हार जोशी हे 'भारत सेवक समाजा'चे माणूस, 1920 साली स्थापन झालेल्या 'आयटक' या देशव्यापी कामगार संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, आणि 1921 पासून स्वातंत्र्य येईपर्यंत मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे सभासद. गिरणगावातल्या डिलाईल रोडला पुढे त्यांचे नाव दिले गेले, आणि त्या पाटीवरही आधी आद्याक्षरे आहेत. टॅक्सीवाल्याला 'जोशी मार्ग' एवढेच सांगितले तर गाडी जागची हलणार नाही.

आद्याक्षरेही कधी दगा देतात. एकोणिसाव्या शतकाविषयीच्या इंग्रजी पुस्तकांच्या सूचीत 'जी. व्ही. जोशी' अशी नोंद भेटते आणि तिच्यापुढे पानांचे आकडे असतात, पण त्या आकड्यांत दोन माणसे मिसळलेली असू शकतात. एक गणेश वासुदेव, दुसरे गणेश व्यंकटेश. दोघांचाही संबंध पुण्याच्या सार्वजनिक सभेशी, त्यामुळे विषयावरूनही सहज उलगडा होत नाही. गणेश व्यंकटेश हे वयाने वीसहून अधिक वर्षांनी धाकटे; पेशाने शिक्षक, डोक्याने अर्थशास्त्रज्ञ. सरकारी अहवालांतले आकडे घेऊन सरकारलाच उत्तर देण्याची जी पद्धत गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भाषणांत दिसते, तिच्यामागे या शिक्षकाची मोठी तयारी होती. 1897 साली हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोखल्यांनी दिलेल्या साक्षीलाही त्यांचे साह्य होते. इतके असूनही सामान्य वाचकाला हे गणेशपंत ठाऊक नाहीत, आणि मला वाटते त्याला एक कारण हेही आहे, की त्यांना मूठ बसली नाही. 'रावबहादूर' ही पदवी होती, पण रावबहादूर त्या काळी गल्लोगल्ली होते.

गणेश वासुदेवांना बसलेली मूठ मात्र अजोड आहे. 1828 साली साताऱ्यात जन्मलेला हा वकील पुण्यात आला आणि 2 एप्रिल 1870 रोजी उभ्या राहिलेल्या सार्वजनिक सभेत इतका बुडून गेला, की संस्थेचेच नाव लोकांनी त्याला लावले आणि पुढे 'काका' जोडले. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून या सभेची कल्पना निघाली. सुमारे सहा हजार लोकांनी मुखत्यारपत्रे देऊन 95 प्रतिनिधी निवडले, आणि लोकांच्या वतीने बोलायला लोकांचीच सही लागते हा धडा पुण्याने तेव्हा गिरवला. काकांनी हातच्या सुताचे कपडे घालायला सुरुवात केली आणि 1877 च्या दिल्ली दरबारात, जिथे राजेरजवाडे जरीकिनखाबात आले होते, तिथे ते त्याच जाड्याभरड्या पोशाखात गेले. दोन वर्षांनी वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेण्याची वेळ आली, तेव्हाही ते मागे सरले नाहीत. 'सार्वजनिक काका' हे शब्द उच्चारताना आपण त्यांचे आडनाव गाळतो, नावही गाळतो, आणि तरीही माणूस हातून निसटत नाही. नात्याने कोणाचाही काका नसलेला माणूस सर्वांचा काका होतो तो असा. (ग्रंथपालाची अडचण वेगळीच: हे कार्ड 'स' मध्ये लावायचे की 'ज' मध्ये? मी दोन्हीकडे लावले, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ते पसंत पडले नाही.)

हे आडनाव एवढे मातब्बर झाले कसे, याचे उत्तर गावगाड्यात आहे. ज्योतिषी या शब्दाचे झिजून जोशी झाले. गावोगाव पंचांग सांगणारा, पेरणीचा आणि लग्नाचा मुहूर्त काढणारा, पोरांच्या पत्रिका मांडणारा एक ग्रामजोशी असे आणि त्या कामाचे वतन असे. जितकी गावे तितके जोशी, मग ते कोकणातले असोत, देशावरचे असोत की गुजरातेतले. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही आडनावेही अशीच कामावरून आली. पण वतन म्हटले की हक्क आला आणि हक्क म्हटला की तंटा आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओतूर-जुन्नर भागातल्या सत्यशोधकांनी ब्राह्मणावाचून लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हा आपली दक्षिणा बुडाली म्हणून तिथले ग्रामजोशी कोर्टात गेले. बोलावले नाही तरी पैसे द्या, असा तो दावा. एसेम जन्माने जुन्नरचे, हे मला यासाठी लक्षात राहिले आहे. आणि त्या दाव्यांच्याही कितीतरी आधी, 1855 साली, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिले, त्यात एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जो माणूस आहे, त्याला नाव नाही. तो फक्त 'जोशी' आहे. आमच्या खणात शेकडो कार्डे होती, पण नाव नसलेला तो एकटाच, आणि त्याला नाव का नाही हे समजायला कोणा अभ्यासकाची गरज नाही.

आम्ही सर्व जोशी म्हणजे एका जातीचे, असा समज मी वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत बाळगून होते. एका सकाळी अंगणात कुडकुड असा आवाज आला. डोक्याला मुंडासे, काखेत कापडात गुंडाळलेली पोथी, हातात तळहाताएवढे डमरूसारखे वाद्य घेतलेला एक माणूस उभा होता. वडील ओसरीवर पंचांग घेऊनच बसलेले होते. त्याने भविष्य सांगायला सुरुवात केली तेव्हा वडिलांनी हसून त्याला थांबवले आणि म्हणाले, 'अहो, आम्ही स्वतः जोशी.' तो जराही न गडबडता म्हणाला, 'मग तर झालंच की मालक, मी बी जोशीच.' वडिलांचे हसू तसेच राहिले, पण त्यांनी हातातले पंचांग मिटून मांडीखाली सरकवले. आईने सुपातून जोंधळे आणून त्याच्या झोळीत घातले. तो गेल्यावर मी विचारले, की ते आपले कोण? वडील म्हणाले, 'कुडमुडे जोशी ते', आणि उठून आत गेले. 'कुडमुड्या जोशी' ही मराठीत शिवी आहे. भोंदू भविष्यवाल्याला ती देतात. ज्यांच्यावरून ती आली ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडून पोट भरत होती. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या शासकीय यादीत 'जोशी' अशी स्वतंत्र नोंद आहे आणि तिच्यात बुडबुडकी, डमरूवाले, कुडमुडे, मेढंगी, सरोदे, सहदेव जोशी अशी नावे येतात. ग्रह तेच, तिथी तीच, आडनावही तेच. एक ओसरीवर बसून सांगणार आणि दुसरा अंगणात उभा राहून. मोठ्या जोश्यांच्या याद्या मी पुष्कळ पाहिल्या, त्यांत अंगणातला जोशी मला कुठे दिसला नाही. आमच्या खणातही नव्हता.

संदर्भविभागात, वाचकाला घरी न देण्याच्या पुस्तकांच्या फडताळात, दोन शास्त्रीबुवा शेजारी शेजारी होते. 'शास्त्रीबुवांचा कोश द्या' असे कोणी म्हणाले, की पुन्हा माझा तोच प्रश्न. लक्ष्मणशास्त्री जोशी हे खानदेशातल्या पिंपळनेरचे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकले, कलकत्त्याहून 'तर्कतीर्थ' होऊन आले, आणि ती पदवीच त्यांचे नाव झाली. मराठी विश्वकोशाचे ते प्रमुख संपादक. महादेवशास्त्री जोशी हे गोव्याच्या सत्तरीतल्या आंबेड्याचे. त्यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड उभे केले, आणि त्यांच्या पत्नी सुधाताई 1955 साली म्हापशाच्या सत्याग्रहात पोर्तुगिजांच्या तुरुंगात गेल्या. दोघांनाही शाळा-कॉलेजाची नेहमीची पदवी नव्हती आणि दोघांनीही साऱ्या मराठी जगाला पुरतील असे कोश करून ठेवले. मला मात्र कोशापेक्षा तर्कतीर्थांचे एक लग्न अधिक आवडते, म्हणजे त्यांनी लावलेले. 1933 साली पुण्यात 'पर्णकुटी' बंगल्यात गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचे पौरोहित्य त्यांनी केले. वर वैश्य आणि वधू ब्राह्मण. कोणत्याही ग्रामजोश्याने पंचांग न उघडताच नकार दिला असता. इथे एका जोश्यानेच मंत्र म्हटले, आणि तेही धर्मशास्त्राचा आधार काढून.

महाराष्ट्राबाहेरच्या जोश्यांची कार्डे आमच्याकडे फारशी नव्हती, पण जी होती ती गमतीची होती. शरद जोशी असे दोन. एक स्वित्झर्लंडमधली बर्न येथील टपालसंघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आलेले, कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेले, शेतकरी संघटनेचे; दुसरे उज्जैनचे, हिंदीतले नामांकित व्यंग्यलेखक. हिंदी पुस्तकांच्या यादीवरून आम्ही एकदा दुसऱ्यांचे पुस्तक मागवले, तेव्हा संघटनेचा बिल्ला लावलेला एक शेतकरी ते मोठ्या आशेने घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत करताना म्हणाला, 'साहेबांनी इतका विनोद कधी केला?' संघटनेच्या शरद जोशींचे संपूर्ण नावच कायम घेतले जाई, याचे कारण मला नेहमी असे वाटते, की 1980 च्या दशकातल्या महाराष्ट्रात नुसते 'शरद' म्हटले तर दुसरेच कोणी डोळ्यांपुढे येई आणि नुसते 'जोशी' म्हटले तर कोणीच येत नसे. मनोहर जोशींची गोष्ट त्याहून अवघड. ते 2002 साली लोकसभेचे अध्यक्ष झाले, तेव्हा समोर मंत्र्यांच्या बाकावर मुरली मनोहर जोशी बसलेले होते. एकाला महाराष्ट्र 'सर' म्हणत आला, दुसऱ्यांना प्रयागचे लोक 'डॉक्टर साहेब' म्हणत. गुजरातीत उमाशंकर जोशींना उमाशंकर म्हणून भागते. 1967 सालचे ज्ञानपीठ त्यांना आणि कुवेंपूंना विभागून मिळाले. नेपाळात नेवार समाजातही ज्योतिषी घराण्यांचे हेच आडनाव आहे, आणि तिथले लोकसंस्कृतीचे संशोधक सत्यमोहन जोशी शंभरी ओलांडून 2022 साली वारले. आणि भीमसेन. गदगजवळच्या रोणला जन्मलेला कानडी मुलूखाचा हा मुलगा अभंग गाऊ लागला तेव्हा कोणाला आडनाव आठवायचे कारण उरले नाही. 'जोशींचे गाणे ऐकले' असे म्हणणारा माणूस मी अद्याप पाहिलेला नाही.

चिं. वि. जोशी हे बडोद्याचे पालीचे प्राध्यापक. त्यांनी चिमणराव नावाचा सरळमार्गी, गोंधळलेला मध्यमवर्गीय कारकून निर्माण केला आणि त्याला आडनाव दिले 'जोग'. जोशीच का दिले नाही, हे मला ओळखता येते.

शेवटी मी माझ्या आवडत्या कार्डाकडे येते. ते वास्तविक दोन कार्डांचे एक कार्ड आहे, कारण पुस्तक 'आनंदी गोपाळ', विषय जोशी आणि लेखकही जोशी: श्री. ज. जोशी. म्हणजे एका जोशींनी दोन जोश्यांवर कादंबरी लिहिली आणि शीर्षकात आडनाव येऊ दिले नाही. आनंदीबाई 31 मार्च 1865 रोजी जन्मल्या त्या कल्याणच्या गणपतराव जोश्यांच्या घरी, यमुना म्हणून. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले ते गोपाळराव जोश्यांशी. माहेर जोशी, सासर जोशी. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी ते पान उघडे ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. माझ्या तांदळात काहीच बदलले नाही. त्या मुलीचे 'यमुना' पुसले गेले आणि 'आनंदी' उमटले, आडनाव मात्र जिथल्या तिथे. गोपाळराव टपालखात्यात कारकून, हट्टी, बायकोला शिकवण्यापायी तिला मारणारे. तो माणूस मला आजही नीट समजत नाही आणि त्याला माफ करावे असेही वाटत नाही. पण त्याच्यावाचून ती कलकत्त्याच्या बंदरापर्यंत पोहोचली असती का, या प्रश्नालाही माझ्यापाशी उत्तर नाही. एप्रिल 1883 मध्ये, अठरा वर्षांची आनंदी नवऱ्याला मागे ठेवून जहाजावर चढली. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती एम. डी. झाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रीविभाग सांभाळण्यासाठी तिची नेमणूक झाली, पण क्षयाने पोखरलेली ती मुलगी परत आली ती पुण्यात अंथरुणाला खिळण्यासाठीच. 26 फेब्रुवारी 1887 रोजी ती गेली, तेव्हा बावीस वर्षांचीही झालेली नव्हती.

तिच्या रक्षेचा अंश अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर या तिच्या मावशीसारख्या स्नेही बाईंकडे पाठवला गेला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, तिच्या नावाचा दगड उभा आहे. इंग्रजीत ती आडनाव लिहिताना शेवटी आय लिहीत नसे, दोन ई लिहीत असे. आमच्यापैकी कोणीच तसे लिहीत नाही. आजच्या बँकेत त्या सहीचा चेक परत आला असता.

वडील वारल्यावर त्यांची जुनी पंचांगे मी आणली. आमच्या लग्नाच्या वर्षाचे काढून पाहिले, तर त्यात शुक्रास्ताच्या दिवसांवर त्यांनी तांबड्या पेन्सिलीने कंस केलेला आहे आणि बाजूला लिहिले आहे, 'थांबणे'. त्याच शुक्राच्या पृष्ठभागावरच्या विवरांना नावे देण्याचा एक नियम आहे. लहान विवरांना जगातल्या निरनिराळ्या भाषांतली स्त्रियांची साधी नावे द्यायची, आणि 20 किलोमीटरांहून मोठ्या विवरांना हयात नसलेल्या कर्तबगार स्त्रियांची. तिथले एक विवर सुमारे 34 किलोमीटर व्यासाचे आहे. त्याला आनंदीबाईंचे नाव दिलेले आहे, पण त्यात यमुना नाही, आनंदी नाही, गोपाळ नाही, एम. डी. नाही, एकही आद्याक्षर नाही. नुसते जोशी, शेवटी दोन ई.